पुढचा डिस्क ब्रेक लै चिरकायलाय, पॅड तर चांगलेच दिसायलेत!

खडू_फळा
नमस्कार मंडळी. मी केज तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. रोजचं येणं-जाणं ३८ किमी, त्यातला ११ किमी रस्ता म्हणजे आपला म्हणायचा म्हणून रस्ता. गाडी १५० सीसीची, पुढं डिस्क मागं ड्रम, ४१ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव सांगत नाही, उगं त्याच्यावरून इथं भांडणं लागतात अन् मूळ प्रश्न बाजूला राहतो.
तर झालं असं की पोळ्याच्या आदल्या दिवशी गाडी वॉशिंग सेंटरला धुऊन आणली, बैल धुवायचे दिवस तर गाडी पण धुवावी म्हणलं, अन् त्यानंतर आठ-दहा दिवसांत पुढचा ब्रेक कुईईई करून चिरकायला लागला. जोरात दाबला तर आवाज कमी, हळू असताना हलका दाबला की कानात सुई घातल्यावानी. पारावर बसलेली म्हातारी माणसं माना वळवून बघतात. शाळेच्या अलीकडं वळण आहे तिथं मला ब्रेक मारावाच लागतो, तो आवाज ऐकला की शाळेतला सगळा कालवा बंद, मी वर्गात जाईस्तोवर समदी पोरं पुस्तकात डोकं घालून बसलेली. हेडमास्तर म्हणाले गाडी दुरुस्त करू नका मास्तर.
गावातल्या एका गॅरेजवर दाखवली. त्यानं मोबाईलची बॅटरी लावून बाहेरून बघितलं, पॅड अजून निम्मे हायेत म्हणला, कायतरी स्प्रे मारला. दोन दिवस गप, तिसऱ्या दिवशी डबल आवाज. आता दिवाळी तोंडावर आलीय. नवे पॅड टाकू का डिस्कच बदलू का असंच चिरकत फिरू?

बुंगाट_लातूर
सर चेन स्प्रे मारता का तुम्ही? मारताना पुढच्या चाकावर उडला असंल. पॅड काढायचे, पॉलिश पेपरवर घासायचे, परत लावायचे. १० मिनिटांचं काम हाय. उगं गॅरेजवाल्याला पैसे कशाला द्यायलाव.

आबा_फटफटीवाले
मास्तर एवढं कशाला डोक्याला ताप. थोडं जळकं ऑईल घ्यायचं अन् ब्रेकला दोन थेंब सोडायचे. आवाज गप्प. आम्ही तीस वर्षं हेच केलं.

पाना_१०_१२
हे वरचं वाचून कोणीही करू नका!!! मी जालन्यात गॅरेज चालवतो २२ वर्षं झाली. डिस्कला तेल लावलं तर आवाज बंद होतो हे खरं हाय कारण ब्रेकच बंद होतो. आमच्याकडं एका पोरानं आवाजासाठी डिस्कला खोबरेल लावलं व्हतं, चौकात ब्रेक लागंना, उसाच्या ट्रॉलीच्या मागं जाऊन बसला, नशीब ट्रॉली उभी व्हती अन् ह्याचा स्पीड कमी. पायावर निभावलं.
मास्तर आधी हे सांगा. आवाज सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला येतो का दिवसभर. गाडी सोडून दिली ब्रेक न दाबता तरी बारीक आवाज यायला का. सूं-सूं-सूं असा चाकाच्या फेऱ्याबरोबर तुटत तुटत यायला का सलग. ब्रेक दाबल्यावर लिव्हर बोटाखाली धडधड करायलं का. अन् एव्हरेज कमी झालं का. एवढं सांगा मग पुढचं बोलू, कारण चिरकणं हा रोग नाय, ताप हाय, ताप कशाचा ते बघावं लागतं.

आबा_फटफटीवाले
आमच्या टायमाला असल्या डिस्क नव्हत्या. आमची फटफटी दोन्हीकडं ड्रमची. कॉटरला तेल सोडलं की ब्रेक लोण्यासारखा. आता तुमी शिकवा आम्हाला.

पाना_१०_१२
आबा रागावू नका. तुमी तेल सोडत व्हते ते कॅमच्या दांड्याला, जिथं ब्रेकची आर्म बसते तिथं. ते बरोबरच हाय, आजपण आम्ही तिथं ग्रीस लावतो. लायनरला, म्हंजे ड्रमच्या आत घासते त्या पट्टीला, नव्हते सोडत तुमी. डिस्कमध्ये सगळंच उघडं असतं, तेल लावायला तशी जागाच नाय. तुमचं तेल बरोबर, ब्रेक वेगळा.

आबा_फटफटीवाले
हां. मग असं सांगा की.

खडू_फळा
पानावाले दादा, उत्तरं घ्या. आवाज दिवसभर, सकाळचं काही विशेष नाही. सलग येतो. लिव्हर धडधड करत नाही. अन् तुम्ही विचारलं म्हणून आज मुद्दाम उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली, हेल्मेट काढून ऐकलं, तर ब्रेक न दाबता पण अगदी बारीक सर्रर्र येतंय, कुणीतरी शेजारच्या खोलीत सुपात धान्य पाखडल्यावानी. हे मला दोन महिन्यांत कळलं नव्हतं. एव्हरेज कमी झालंय, ४८ चं ४३ वर आलंय, मी म्हणलं पेट्रोलमध्येच काहीतरी असंल.
बुंगाट भाऊ, चेन स्प्रे मी वापरत नाही, चेनला घरीच ऑईल लावतो ब्रशनं.

काळी_कसदार
आमी मानवतकडचे. तुमच्या ११ किमी कच्च्या रस्त्यातच उत्तर हाय सर. आपली काळी माती म्हणजे ओली असली की लोणी अन् वाळली की सिमेंट. पावसात चाक मडगार्डमध्ये गच्च होऊन गाडी जागेवर उभी राहते, काडीनं टोकरून टोकरून चिखल काढावा लागतो हे शहरातल्या मेकॅनिकला सांगून पटत नाय. तोच चिखल कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या जबड्यात, बसतो अन् पाऊस उघडला की तिथंच भाजून निघतो. माझ्या गाडीचं एकदा असंच झालतं, पॅडच्या मागं मातीची अख्खी वडी निघाली, तिच्यावर पॅडच्या पत्र्याचा छाप उमटलेला. परळीच्या बाजूचे आमचे पाव्हणे तर म्हणतात त्यांच्याकडं थर्मलच्या राखेच्या टिप्परमागं गाडी चालवली की संध्याकाळी ब्रेक करकर वाजतेत.
अन् एक सांगू का, ते वॉशिंग सेंटरचं प्रेशर लै वाईट. चिखल बाहेर काढायच्या नादात आत घुसवतात. मी तर बादली अन् नळी.

वाळूजकर
नमस्कार सर. मी वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात कामाला आहे (नाव नको, उगाच). १९८५ ला बजाजचा कारखाना इथे आला तेव्हापासून आमच्या घरात कुणी ना कुणी याच धंद्यात. मी थोडं आवाजाचं शास्त्र सांगतो, तुम्ही शिक्षक आहात म्हणून तुमच्याच भाषेत.
खडू फळ्यावर किंचाळतो ना, ब्रेक अगदी तसाच किंचाळतो. खडू पुढे सरकताना फळ्याला चिकटतो, जरा वाकतो, मग सुटून पुढे उडी मारतो, परत चिकटतो. हे एका सेकंदात हजारो वेळा होतं आणि त्या थरथरीचा आवाज आपल्याला ऐकू येतो. ब्रेकमध्ये पॅड म्हणजे खडू आणि डिस्क म्हणजे फळा. डिस्क पातळ गोल पत्रा आहे, झांजेसारखी, ती स्वतःच गात सुटते. त्यामुळे फळ्यापेक्षा आवाज मोठा. हलका ब्रेक दाबल्यावर जास्त चिरकतो कारण जोरात दाबला की पॅड घट्ट धरला जातो, थरथरायला मोकळीक राहत नाही.
म्हणून कंपनीवाले पॅडच्या मागे शिम म्हणजे पातळ पत्री देतात, थरथर तिथेच जिरावी म्हणून. बरेच मेकॅनिक पॅड बदलताना ती शिम भंगारात टाकतात, "हिचं काय काम" म्हणून. तुमच्या गाडीला असेल तर ती आहे का बघा. आणि पॅडची पुढची-मागची धार तिरकी घासलेली असते तीही त्याचसाठी.

खडू_फळा
वाळूजकर साहेब, तुम्ही माझ्या २६ वर्षांच्या नोकरीतलं कोडं सोडवलं. खडू चिरकायला लागला की आम्ही काय करतो, मधून मोडतो. निम्मा खडू चिरकत नाही! किंवा जरा तिरपा धरायचा. हे प्रत्येक मास्तरला येतं पण का ते कुणी विचारत नाही. म्हणजे लांब खडू जास्त वाकतो, आखूड खडू कमी, असंच ना? आज वर्गात मुद्दाम अख्खा खडू सरळ धरून चिरकवून दाखवला, पोरांनी कानावर हात ठेवले, मग मोडून दाखवला. एक पोरगी म्हणाली सर मग तुमच्या गाडीला मोडा.

वाळूजकर
😂 बरोबर. आखूड झाला की ताठ होतो, थरथरला तरी इतका सूक्ष्म की आपल्या कानाला टोचत नाही. पॅडची धार तिरकी करणं हे तुमच्या तिरप्या खडूचंच भावंड समजा.
पण सर एक लक्षात घ्या, नुसता आवाज असता तर मी शिम आणि घासकाम सांगून थांबलो असतो. ब्रेक न दाबता सर्रर्र येणं आणि एव्हरेज पडणं हे वेगळं आहे. ते पानावाले दादांच्या हवाली.

गोदाकाठचा_रायडर
नांदेडहून रामराम. सर घाट उतरूलालाव का तुम्ही? माझ्या गाडीचं मांजरसुंब्याच्या घाटात झालतं. मागं बायको, दोन बॅगा, मी येड्यावानी पूर्ण उतार ब्रेक धरून उतरलो, खाली आलो तर जळका वास अन् लिव्हर हँडलला टेकूलालं. नंतर पॅड काढले तर वरून काचेवानी चकाचक, नख लावलं तर घसरायलं. त्याला ग्लेझिंग म्हणूलालेत. ती काच झाली की ब्रेक लागतो कमी अन् ओरडतो जास्त. पॉलिश पेपरनं काच उतरवली तेव्हा बसला आवाज.
अन् ब्रेक ऑईल बदला ओ. डॉट ४ चं ऑईल नवं असताना २३० डिग्रीच्या खाली उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी पितंय, अन् पाणी पिलेलं १५५ ला पण उकळू शकतंय. उकळलं की वाफ, वाफ दाबली जातीय, ब्रेक लागत नाही. दोन वर्षाला बदलायचं म्हणतात, आपल्याकडं कुणी बदलूलालंय? कमी दिसलं की वरून ओतायचं अन् झाकण लावायचं.

पाना_१०_१२
रायडर भाऊचं बरोबर. घाटात गिअर खालचा टाकून इंजिनवर उतरायचं, ब्रेक दाबायचा-सोडायचा, धरून नाय ठेवायचा.
वरून ऑईल ओतण्याबद्दल, हे लै जणांना माहीत नसतं. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो, तेवढं ऑईल खाली जातं अन् हँडलवरच्या ऑईलच्या डबीत लेव्हल कमी दिसते. म्हंजे लेव्हल कमी झाली तर आधी पॅड बघायचे. ओतून फुल केलं अन् नंतर नवे पॅड टाकताना पिस्टन आत दाबला की तेच ऑईल उलटं डबीतून बाहेर, टाकीवर सांडतं अन् रंग सोलून काढतं. लगेच पाण्यानं धुवायचं.
मास्तर तुमचं मला वाटायलं ते सांगतो. कॅलिपर जाम हाय. रविवारी हे करा. १५ किमी गाडी चालवा पण पुढचा ब्रेक शक्यतो दाबू नका, मागच्यावर थांबा, सावकाश. उतरल्यावर डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाका. हात लावू नका. चर्र झालं तर पुढचा ब्रेक सारखा लागून राहायला. मग गाडी डबल स्टँडला लावा, मागं कोणाला तरी दाबून धरायला सांगा म्हंजे पुढचं चाक वर येईल, हातानं फिरवा. तीन-चार फेरे सहज फिरलं पाहिजे.
अन् मुख्य गोष्ट. बाहेरून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला पॅड चाकाच्या बाजूला, आऱ्यांच्या मागं असतो, तो वाकून बॅटरी लावून बघितल्याशिवाय दिसत नाय. तुमच्या गॅरेजवाल्यानं तो बघितला का?

आरोग्य_ताई
मधेच विचारते म्हणून माफ करा. मी धाराशिव जिल्ह्यात नर्स आहे, उपकेंद्रावर, पाच गावं स्कूटीवर फिरते. माझ्या स्कूटीला दोन्हीकडे ड्रम. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी डावा ब्रेक दाबला की कोंबडा आरवल्यासारखा आवाज येतो, पाच-सहा वेळा दाबलं की जातो. हे पण कॅलिपरचं का? घरचे म्हणतात गाडीच बदल, मला तर ते फार सोपं वाटत नाही.

पाना_१०_१२
ताई गाडी नका बदलू. ड्रमला कॅलिपर नसतो. रात्रभर ओल लागली की ड्रमच्या आत गंजाचा पातळ पापुद्रा येतो, दोन-चार ब्रेकला खरवडून जातो, त्याचा आवाज. ते चालतं. पण दिवसभर यायला लागला तर ड्रम उघडून आतली धूळ काढायची. फुंकर मारून नाय, हवेचा पाईप पण नाय, ओल्या फडक्यानं पुसायची, जुन्या लायनरमधे काय काय असायचं ते नाकात जायला नको.
मागच्या चाकाला ब्रेकची आर्म असते तिथं एक बाण असंल, पॅनेलवर खूण असंल. ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा कोणाला, बाण खुणेपर्यंत गेला की लायनर संपले. काही मेकॅनिक आर्म काढून दात पुढं सरकवून लावतात, ब्रेक परत टाईट होतो, गिऱ्हाईक खूश. पण लायनर तेवढेच राहतात अन् बाण खोटं बोलायला लागतो. कुणी तसं केलं असंल तर त्या गॅरेजला परत जाऊ नका.

वाळूजकर
ताई, तुमची स्कूटी २०१९ च्या एप्रिलनंतरची असेल तर डावा ब्रेक दाबल्यावर पुढचा पण थोडा लागतो, १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना ते तेव्हापासून सक्तीचं झालं (काहींना त्याऐवजी एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा). त्यामुळे आवाज मागचा वाटला तरी पुढच्या ड्रमचा असू शकतो. कोणत्या चाकातून येतो ते कुणाला तरी शेजारून चालायला लावून ऐका.

आरोग्य_ताई
हे मला शोरूमवाल्याने सुद्धा नव्हतं सांगितलं. आभारी आहे दोघांची. रविवारी बघते, म्हणजे लसीकरण नसलं तर.

बुंगाट_लातूर
मी अजून पण म्हणतो पॉलिश पेपर मारून बघा आधी.

खडू_फळा
मंडळी, आज रविवार, सविस्तर लिहितो, जरा लांब होईल.
सकाळी सातला अंबाजोगाईकडं १५ किमी जाऊन आलो, पुढचा ब्रेक मुद्दाम एकदाच दाबला, एक म्हैस आडवी आली तेव्हा. घरी आल्यावर बायकोनं तांब्यातून चिमटीत पाणी घेऊन डिस्कवर शिंपडलं. चर्र! धिरड्याच्या तव्यावर पाणी टाकल्यावानी उडालं. ती म्हणाली एवढं तापलंय तर भाकरीच टाकू का.
मग गाडी डबल स्टँडला, मागं भाच्याला बसवला, पुढचं चाक उचललं. फिरवलं तर अर्धा फेरा अन् थांबलं. म्हणजे इतके दिवस मी ब्रेक धरूनच गाडी चालवत होतो.
त्यानंतर तालुक्याच्या ठिकाणी दुसऱ्या गॅरेजवर गेलो, ओळखीचा मुलगा आहे, माझा विद्यार्थी, सातवीत गणितात कच्चा होता पण हात सोन्याचा. त्याला तुमचं सगळं वाचून दाखवलं. त्यानं आधी डबीचं झाकण पुसून घेतलं, मग एलन पान्यानं कॅलिपरचे दोन बोल्ट काढले, कॅलिपर डिस्कवरून ओढला तर येईना. ज्या पिनांवर तो सरकतो त्या हलेनात. शेवटी हलवून हलवून निघाला. पॅड बाहेर काढले अन् माझ्या हातावर ठेवले, दोन्ही तळहातांवर एकेक.
बाहेरचा पॅड, जो सगळ्यांनी बॅटरी लावून बघितला होता, त्याचा मसाला (घासणारा थर) निम्म्याहून जास्त, झीज दाखवणारी मधली खाच स्पष्ट. आतला पॅड, खाच गायब, एका टोकाला नखाएवढा मसाला अन् दुसऱ्या टोकाला थेट लोखंड, तासल्यावानी चमकणारं. पाचर असते ना कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकायची, तसा आकार झालेला. डिस्कवर आतल्या बाजूनं बोटाला लागतील अशा तीन रेघा. बाहेरची बाजू गुळगुळीत.
मग पिना काढल्या. एकीचं रबराचं बूट फाटलेलं, आत ग्रीसच्या जागी काळी पेस्ट, वास घेतला तर ओल्या शेताचा. काळी_कसदार भाऊ, तुमची वडी! दुसरी पिन बरी होती. म्हणजे एक पिन सरकायची, एक नाही, म्हणून पाचर.

पाना_१०_१२
आसंच असतं. आता कसं झालं ते सांगतो म्हंजे बाकीच्यांना पण कळंल. ह्या कॅलिपरला पिस्टन फक्त बाहेरच्या बाजूला असतो. ब्रेक दाबला की पिस्टन बाहेरचा पॅड डिस्कवर रेटतो अन् त्याच्या उलट जोरानं अख्खा कॅलिपर पिनांवरून बाहेर सरकतो, त्याच्याबरोबर आतला पॅड ओढला जाऊन दुसऱ्या बाजूनं चावतो. ब्रेक सोडला की पिस्टनचं सील त्याला केसभर मागं घेतं, बाहेरचा सुटतो. पण पिन जाम असली तर कॅलिपर मागं जात नाय, आतला पॅड डिस्कला चिकटून घासत राहतो. म्हणून आतला संपला अन् बाहेरचा नवा. तुमच्या गॅरेजवाल्यानं जो पॅड बघितला तो खरंच चांगला व्हता. खोटं नाय बोलला. अर्धंच बघितलं.
पिनला साधं ग्रीस लावलं का त्यानं? साध्या ग्रीसनं रबर फुगतं, पिन परत जाम. सिलिकॉनचं किंवा ब्रेकचं वेगळं ग्रीस येतं.

खडू_फळा
हो, त्याच्याकडं छोटी पुडी होती, ब्रेकचंच ग्रीस. त्यानं पिना पॉलिश पेपरनं (बुंगाट भाऊ, शेवटी लागलाच तुमचा पेपर!) साफ केल्या, बूट नवी टाकली, पिस्टन भोवतीचा चिखल दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढला, मगच पिस्टन आत दाबला. मी शेजारी उभा राहून सहज ब्रेकचं लिव्हर दाबायला गेलो तर एकदम ओरडला "सर हात नका लावू!" पॅड नसताना दाबलं की पिस्टन बाहेर उडून पडतो म्हणे. सातवीत मी त्याच्यावर असाच ओरडायचो.
डिस्कवर बारीक अक्षरात कमीत कमी जाडी कोरलेली असते हे मला आज कळलं, त्यानं मापून बघितलं, डिस्क अजून चालंल म्हणला, रेघा नव्या पॅडबरोबर हळूहळू बसतील. पॅडची जोडी ३५०, बूट-ग्रीस ९०, मजुरी घेत नव्हता, बळंच १५० दिले.
आता एक शंका, नवे पॅड टाकून येताना ब्रेक जरा कमीच लागायला असं वाटलं. आवाज नाही, पण पकड नाही.

वाळूजकर
घाबरू नका, पॅड अजून बसले नाहीत. नवा पॅड सपाट, तुमची डिस्क रेघाळलेली, म्हणून सध्या ठिकठिकाणी टेकतोय. मोकळ्या रस्त्यावर मागे-पुढे कुणी नाही बघून ५० च्या वेगावरून मध्यम दाब देऊन १५ पर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, परत वेग घ्या. असं दहा-बारा वेळा, मधे डिस्कला गार व्हायला वेळ द्या. तापलेली असताना ब्रेक दाबून उभं राहायचं नाही, त्याच जागी पॅडचा मसाला डिस्कवर उमटतो आणि नंतर धडधड सुरू होते. नंतर दोन-तीनशे किमी जरा समोरच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा.

बुंगाट_लातूर
बगा मी म्हणलं व्हतं पॉलिश पेपर.

काळी_कसदार
पेपर पिनाला लागला पॅडला नाय, तुझं गणित पण सरांच्या त्या पोरावानीच हाय 😄
सर इथून पुढं पावसाळ्यात दर पंधरा दिवसाला नळीनं कॅलिपर धुवा, प्रेशर नको. अन् त्या फाटक्या बुटावर लक्ष. दोन रुपयाचं रबर अन् ब्रेक जातो.

गोदाकाठचा_रायडर
मी म्हणतो सिंटर्ड पॅड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, टाकायचे होते सर, तापले तरी पकड सोडत नाहीत.

पाना_१०_१२
भाऊ त्यांचं रोजचं ३८ किमी हाय, रेस नाय. सिंटर्ड गार असताना जास्त आवाज करतात अन् डिस्क लवकर खातात. कंपनीचे साधे ठीक हायेत. तुमच्या घाटाला ते ठीक.

आरोग्य_ताई
माझं पण झालं. पुढचाच ड्रम होता! वाळूजकर दादा तुमच्यामुळे कळलं, माझा मुलगा शेजारून चालत होता. आत खाकी रंगाची मूठभर धूळ निघाली, ओल्या फडक्याने पुसली, कॅमला ग्रीस, लायनर अजून चांगले. एकशे वीस रुपये. घरच्यांना सांगितलं गाडी नवीन आणली समजा.

खडू_फळा
शेवटचा रिपोर्ट देतो. चार दिवस झाले. ब्रेक आता बसला, दोन बोटांनी गाडी थांबते. एव्हरेज मोजतोय, अजून टाकी संपली नाही. चाक हातानं फिरवलं तर पाच फेरे.
जुने दोन्ही पॅड फेकले नाहीत. घासून-धुऊन वर्गात नेले, घर्षणाचा धडा चालू आहे, दोन्ही पॅड पोरांच्या हातात दिले अन् विचारलं की एकाच गाडीचे, एकाच दिवशी बसवलेले, मग एक जाड एक पातळ का. बरीच उत्तरं आली, एकानं सांगितलं की सर तुम्ही एकाच बाजूला बसता.
बाकी सोमवारी काय झालं ते सांगायचं राहिलं. वळणावर ब्रेक मारला, आवाज नाही, सरळ गेटातून आत. मैदानावर सहावी अन् सातवीचा क्रिकेटचा सामना रंगात आलेला, फळीची बॅट, अंपायर म्हणून आमचा शिपाई उभा. मी गाडी स्टँडला लावली तरी कुणाला पत्ता नाही. शेवटी बॉल माझ्या चाकाशी येऊन थांबला तेव्हा फिल्डर वर बघून जागेवर थिजला.
मधल्या सुट्टीत वर्गाचा मॉनिटर ऑफिसच्या दारात येऊन उभा. म्हणतो, सर, जुना ब्रेक परत बसवता येतो का?